कोयनेच्या पाण्यावर वीज तयार झाल्यावर तेच पाणी शेतीला का मिळत नाही?

थोडं मिळतं, पण बहुतेक नाही, कारण ते घाट उतरून कोकणात जातं.

पाणी वीज करताना खर्च होत नाही, फक्त खाली येतं. प्रश्न एवढाच की कुठल्या बाजूला खाली येतं. कोयना नदी पूर्वेकडे जाऊन कराडला कृष्णेला मिळते. पण त्या बाजूला उतार कमी. पश्चिमेला सह्याद्रीचा कडा आहे, म्हणून कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी बोगद्यांतून पोफळीच्या वीजगृहाकडे सोडतात. मग कोळकेवाडीला त्याच पाण्यावर पुन्हा वीज होते आणि शेवटी ते वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्रात. प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॅट, त्यातली धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहाची फक्त ४०! पण शेतीच्या कामाचं पाणी याच पायथ्याकडून पूर्वेला सुटतं. पुढे टेंभू, ताकारीसारख्या योजना ते उपसून दुष्काळी तालुक्यांत नेतात (उपसायला परत वीज लागतेच, ही गंमत वेगळी).

पश्चिमेकडे किती वळवायचं याला कृष्णा पाणी तंटा लवादाने मर्यादा घातली आहे, वर्षाला साधारण ६७.५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट). धरणाची साठवण १०५ टीएमसीच्या आसपास आहे. त्यामुळे पाऊस कमी झाला की वीज की शेती, ही ओढाताण ठरलेलीच.