पश्चिमेची काच, चारशे फूट लॉन आणि सोलापूरचं ऊन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुळे सोलापुरात 30 बाय 50 चा पश्चिममुखी प्लॉट, मोबाइलमध्ये जमवलेले दोनशेक फोटो, त्यात मोठाल्या काचा, पांढऱ्या चौकोनी भिंती, पुढे हिरवंगार लॉन. यातलं काय घ्यावं, काय सोडावं, आणि आजच्या वास्तुरचनेतून प्रेरणा घ्यायचीच तर कुणाकडून?

मी आर्किटेक्ट नाही. पूर्व भागात आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. पण घर बांधताना मीही असेच फोटो घेऊन बसलो होतो, आणि त्यातल्या दोन हौशी नंतर पदरचे पैसे घालून उखडाव्या लागल्या. तेवढ्या अधिकारावर लिहितो.

पहिली हौस काचेची. हॉलच्या पश्चिम भिंतीला नऊ बाय आठची अखंड काच बसवली. वास्तुशांत डिसेंबरात झाली, पाहुण्यांनी काचेपुढे उभं राहून फोटो काढले. मग एप्रिल आला. चारला ऊन सोफ्यावर, साडेचारला टीव्हीवर, पाचला थेट स्वयंपाकघराच्या दारात. वडील खुर्ची घेऊन उन्हापुढे सरकत सरकत शेवटी जिन्याखाली जाऊन बसायचे. जाड पडदे लावले, तर आई म्हणाली, "पडदाच लावायचा होता तर भिंत काय वाईट होती?"

कंत्राटदार म्हणाला, छज्जा काढू. काढला दोन फुटांचा. काही फरक पडेना, तेव्हा मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन मी हिशेब केला. एप्रिलात दुपारी साडेचारला आपल्याकडे सूर्य जेमतेम तीस अंशांवर असतो. म्हणजे दोन फुटांच्या छज्जाची सावली पडणार खिडकीच्या वरच्या सव्वा फुटावर, खालचं सगळं उन्हात. दक्षिणेला गोष्ट वेगळी. डिसेंबरच्या भर दुपारी सूर्य तिथे एकोणपन्नास अंशांवर असतो आणि मे महिन्यात तर डोक्यावरच येतो, त्यामुळे तोच छज्जा दक्षिणेच्या खिडकीला मस्त काम देतो. पश्चिमेला आडवं काही चालत नाही. तिथे उभ्या पट्ट्या हव्यात, जाळी हवी किंवा झाड. आता आमच्या पश्चिमेला भिंतीपासून अडीच फूट पुढे विटांची जाळी उभी आहे, काचेच्या जागी दोन लहान खिडक्या आहेत आणि वडील पुन्हा हॉलमध्ये बसतात.

दुसरी हौस लॉनची. चारशे चौरस फूट मेक्सिकन गवत. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, हे गणित मला आधी कुणी सांगितलं असतं तर! उन्हाळ्यात हिरवळीला दिवसाला पाच मिलिमीटर तरी पाणी लागतं. चारशे फूट म्हणजे सदतीस चौरस मीटर, म्हणजे रोजचे जवळपास दोनशे लिटर. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. घरची टाकी 2,000 लिटरची. त्या मेमध्ये मी गवतासाठी टँकर मागवला आणि शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "एवढं पाणी घालताय तर म्हैस तरी पाळा." जूनमध्ये लॉन काढलं. वर आमच्याकडे काळी माती. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. जोत्याला लागून रोज पाणी दिल्यामुळे ओट्याच्या कोपऱ्यात तडा गेला तो वेगळाच.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आमच्या धंद्यात कुणी मुंबईहून एखादी नक्षी घेऊन येतो, म्हणतो हीच पाहिजे. कागदावर ती सुंदरच असते. पण आमचा नक्षीवाला आधी विचारतो, कोणत्या लूमवर? धागा कुठला? जॅकार्डला हुक किती? मग तो आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन भरून ती नक्षी नव्याने मांडतो. फूल तेच राहतं, पाकळ्या बदलतात. घराच्या फोटोचं मी असं कधी केलंच नाही. तुम्ही करा. प्रत्येक फोटोपाशी एवढंच विचारा की हे घर कोणत्या गावातलं, आणि तिथे पाऊस किती. दोनशेतले दीडशे फोटो तिथेच गळतील. श्रीलंकेचे आर्किटेक्ट जेफ्री बावा यांची लुनुगंगा बाग माझ्याही फोनमध्ये होती. पण तो ओला, शेवाळलेला हिरवा रंग तिथल्या पावसाचा आहे. आपल्या पाचसहाशे मिलिमीटरमध्ये तो कुठून येणार?

राहिलेल्या फोटोंपेक्षा मी अहमदाबादकडे बघा म्हणेन. ऊन आपल्या ओळखीचं, कोरडं. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी तिथे 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ट्यूब हाउस बांधलं. अरुंद, लांबट घर, दोन्ही बाजूंना शेजारी, म्हणजे तुमच्या प्लॉटसारखीच अडचण. त्याचा छेद, म्हणजे घर उभं कापल्यासारखं दाखवणारा नकाशा, शोधून बघा: तापलेली हवा उतरत्या छताला धरून वर चढते आणि माथ्यावरच्या झरोक्यातून निघून जाते, खालून नवी हवा आत येते. जिन्याच्या डोक्यावर तुम्हालाही असा झरोका ठेवता येईल, खर्च फारसा नाही. तिथेच आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींचं 1980 चं संगत, म्हणजे त्यांचं स्वतःचं कार्यालय, आहे. अर्धं जमिनीत बसवलेलं, वर कमानदार छपरं, आणि त्या छपरांवर फुटक्या पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचं चायना मोझॅक. दोशींना 2018 मध्ये वास्तुकलेतला प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला, पण ते तुकडे आपल्या गच्चीवर लावायला पुरस्कार लागत नाही, जुना गवंडी लागतो. माझ्या गच्चीवर ते आहेत. मे महिन्यात संध्याकाळी साडेसहाला त्यावर अनवाणी चालता येतं, शेजारच्या साध्या कोब्यावर येत नाही.

आर्किटेक्ट लॉरी बेकरांच्या विटांच्या जाळ्या सगळ्यांनाच आवडतात, इथे मात्र जरा सांभाळून. त्यांचं बहुतेक काम तिरुवनंतपुरमच्या दमट हवेतलं, तिथे दिवसभर वारा खेळता हवा. आपल्याकडे दुपारचा वारा म्हणजे भट्टीचं तोंड, शिवाय धूळ. इथे दिवसा घर मिटून घ्यायचं आणि रात्री सगळं उघडायचं. म्हणून जाळी घराची भिंत म्हणून नको, भिंतीपुढचा पडदा म्हणून हवी. त्यांचा रॅट ट्रॅप बाँड मात्र जरूर विचारात घ्या. विटा उभ्या कडेवर रचून मध्ये पोकळी ठेवायची, त्यात विटा सुमारे पंचवीस टक्के कमी लागतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. गवंडी कुरकुर करेल. पहिले चार थर तुमच्यासमोर घालून घ्या, पुढे त्याचा हात बसतो.

आणि खरं सांगू का, सगळ्यात चांगला नमुना मी लहानपणी पाहिला होता आणि विसरलो होतो. मोहोळ तालुक्यात आजोळी माळवदाचं घर होतं. लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यावर फूट-दीड फूट पांढरी माती. बाहेरचं ऊन छतातून आत उतरेपर्यंत रात्र व्हायची, आणि रात्री आम्ही सगळे माळवदावरच झोपलेले. छताला सवणं, म्हणजे उजेडासाठी ठेवलेलं भोक, होतं; त्यातून उन्हाचा रुपयाएवढा कवडसा जमिनीवर पडायचा. तो उतरंडीपाशी आला की आजी चुलीवर चहाचं आधण ठेवायची. घड्याळ घरात होतं, पण तिचा त्यावर विश्वास नव्हता.

बागेबद्दल. ब्राझीलचे बागरचनाकार बर्ले मार्क्स यांनी युरोपची बाग उतरवण्याऐवजी आपल्याच रानातली झाडं बागेत आणली. न्यूयॉर्कच्या जुन्या उन्नत रेल्वेमार्गावर 2009 मध्ये हाय लाइन बाग खुली झाली, तिथली लागवड पीट ऊडॉल्फ या डच बागरचनाकाराची. त्यात गवतं भरपूर, आणि हिवाळ्यात वाळल्यावरही ती तशीच उभी ठेवतात. हे बघायला न्यूयॉर्कला जायला नको. दिवाळीनंतर आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर जा, सोनेरी झालेलं गवत वाऱ्यावर कसं हलतं ते बघा. मी लॉनच्या जागी मुरूम दाबून घेतला, शहाबादी फरशीचे उरलेले तुकडे सांधे मोकळे ठेवून बसवले, आणि कुंपणाकडेने मारवेल आणि पवन्या हे माळरानातलं गवत लावलं. पावसाळ्यात हिरवं, जानेवारीपासून पिवळं. पाहुणे विचारतात, "बाग वाळली काय?" नाही, ती अशीच असते, असं आता न चिडता सांगता येतं.

फुलांना देवचाफा, तगर, कण्हेर, बोगनवेल. कण्हेर विषारी आहे, घरात लहान मूल असेल तर वगळा. मोगरा मोरीच्या पाण्यावर येतो. साबण फार असेल तर येत नाही, हे दोन रोपं गमावून शिकलो. जोत्यापासून चार फूट सोडूनच आळी करा, तड्याचं कारण वर सांगितलंच आहे. कडुनिंब एवढ्या प्लॉटमध्ये भिंतीजवळ नको, रस्त्याकडेला जागा असेल तर लावा.

नकाशा पक्का करण्याआधी एप्रिलातल्या एका दुपारी चार ते सहा प्लॉटवर खुर्ची टाकून बसा, सोबत आर्किटेक्टलाही बसवा. तुमच्या पश्चिमेला रस्त्यापलीकडे काय आहे, इमारत की मोकळी जागा, हे लिहिलं नाहीत. मोकळं असेल तर आधी शेवगा लावा, दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत सावली देतो. इमारत असेल तर ती किती मजली आहे ते कळवा, मग जाळी लागेल की नुसता पारिजातक पुरेल ते सांगतो.