लॅबमध्ये वाढवलेला 'मिनी ब्रेन' डोक्यात बसवून फिट बरी होते का?

नाही दादा, होत नाही. तुमच्या भाचीला फिट येतात आणि पॅकेज विकणाऱ्या कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की स्टेम सेलपासून (म्हणजे कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशींपासून) मेंदू वाढवतात, तो बसवला की काम झालं. वाढवतात हे खरं, पण बसवायला नाही, अभ्यासाला.

मी इथं कोल्हापुरात एका लॅबमध्ये सेल कल्चर बघतो, साध्या पेशींचं. ह्या मिनी ब्रेनला ऑर्गनॉइड म्हणतात. पेशंटची थोडी त्वचा नाहीतर रक्त घ्यायचं, जपानी शास्त्रज्ञ यामानाकांच्या पद्धतीनं (२०१२ चं नोबेल) त्या पेशींना मागं नेऊन परत स्टेम सेल करायचं आणि जेलमध्ये ठेवून वाढवायचं, २०१३ ला व्हिएन्नात लँकेस्टर आणि क्नोब्लिख या शास्त्रज्ञांनी हे करून दाखवलं. महिनोन्‌महिने सांभाळून हाताला काय लागतं, तर भिजलेल्या साबुदाण्याएवढा गोळा! रक्तवाहिन्याच नसतात, आतपर्यंत ऑक्सिजन पोचत नाही, मधल्या पेशी मरतात, मग वाढणार कसा. आणि सांभाळणं म्हणजे लई वैताग, आमच्या साध्या पेशींचं गुलाबी मीडियम (पेशींचं पातळ खाद्य) पिवळं पडायला लागलं की बदलावंच लागतं, मग रविवार असू दे नाहीतर जोतिबाची यात्रा.

पण फिटच्याच बाबतीत त्याचा उपयोग झालाय. ट्युबरस स्क्लेरोसिस म्हणून एक जनुकाचा आजार आहे, त्यात पोरांना फिट येतात, मेंदूत गाठी होतात, आणि उंदरात तो नीट उतरतच नाही. २०२२ ला क्नोब्लिख यांच्याच टीमनं पेशंटच्या पेशींपासून ऑर्गनॉइड केले, तर एकाच जातीच्या पेशी भरमसाट वाढताना सापडल्या, मग त्यांना आवरणारं औषधही त्याच ऑर्गनॉइडवर लावून बघितलं. म्हणजे प्रयोग गोळ्यावर, पोराच्या डोक्यावर नाही. आपल्याकडं बंगळूरला निम्हान्स (मेंदू आणि मानसिक आजारांचं हॉस्पिटल) आणि इनस्टेम (स्टेम सेलवर संशोधन करणारी संस्था) वाले बायपोलर, स्किझोफ्रेनिया असलेल्या घरांतल्या लोकांच्या पेशींवर असंच काम करतात.

आता तो पॅकेजवाला. आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमांत स्पष्ट आहे, रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेम सेलचा उपचार ट्रायलबाहेर (म्हणजे मंजूर चाचणीबाहेर) करायचा नाही, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. त्याला सीटीआरआय नंबर (देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदणीचा नंबर) विचारा, बघा कसा विषय बदलतो ते.

त्यापेक्षा भाचीचे ईईजी, एमआरआयचे सगळे जुने रिपोर्ट घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडं जावा आणि जीन टेस्ट करून काय फायदा आहे का विचारा. फिटच्या औषधाच्या गोळ्या मात्र कुणाच्या सांगण्यावरून मध्येच बंद करू नका, एकदम बंद केल्या की फिट जास्तच येतात.