‘हलका टँकर’ नव्हे, हलका रणगाडा

दोन महायुद्धांच्या दरम्यान ब्रिटनने घडवलेल्या ‘लाइट टँक’विषयीच्या मजकुराचे भाषांतर करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, त्याला ‘हलका टँकर’ म्हणावे काय, ‘टँकेट’ म्हणजे त्याहूनही चिमुकल्या रणगाड्यासाठी निराळा शब्द आहे काय, आणि मुळात ‘टँक’ हा शब्द कुठला.

‘टँकर’ म्हणू नये. टँकर पाणी, दूध किंवा डिझेल वाहून नेतो, लढत नाही. तरीही ‘सीमेवर टँकर तैनात’ असे बोललेले आणि कधीकधी छापलेलेही वारंवार आढळते. ‘रणगाडा’ हा नेमका, घरचा आणि रुळलेला शब्द हाताशी असताना ही उसनवारी कशासाठी, हे मला कळत नाही.

‘हलका’ हे विशेषण मात्र योग्य आहे, फक्त त्यातून ‘हलक्या प्रतीचा’ असा अर्थ कोणी काढू नये. ब्रिटिश लष्करात ‘लाइट’ हा वर्ग होता. विसाच्या दशकातला त्यांचा ‘मीडियम’ म्हणजे मध्यम रणगाडा सुमारे 12 टनांचा होता, तर 1929 मध्ये आलेला हलका मार्क 1 (‘मार्क’ म्हणजे आवृत्तीचा क्रमांक) पाच टनांच्या आतला, दोन माणसांचा आणि एका मशीनगनचा. टेहळणी करावी आणि साम्राज्याच्या सीमांवर स्वस्तात पहारा द्यावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. मोहमंद टोळ्यांविरुद्धच्या 1935 च्या मोहिमेत ब्रिटिश हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर हेच हलके रणगाडे उतरले होते. मार्क 5 मध्ये तिसरा माणूस आला. 1936 च्या मार्क 6 पर्यंत वजन पाच टनांच्या आसपास आणि वेग ताशी सुमारे 56 किलोमीटर झाला, पण चिलखत जाडीत जाडी जागी 14 मिलिमीटरच राहिले. पैशाअभावी हेच रणगाडे मोठ्या संख्येने बनले, त्यामुळे 1940 मध्ये फ्रान्समध्ये त्यांना न झेपणारे काम अंगावर घ्यावे लागले. तो दोष त्यांना तिथे धाडणाऱ्यांचा, विशेषणाचा नव्हे.

आता खऱ्या गमतीकडे, म्हणजे ‘टँक’ या शब्दाकडे वळू. 1915 मध्ये इंग्लंडमधील लिंकन येथील फॉस्टर कारखान्यात रणगाड्याचे पहिले यंत्र तयार होत होते, तेव्हा त्याचे नाव ‘लँडशिप’, म्हणजे जमिनीवरचे जहाज, असे होते. हे नाव गुपित फोडणारे होते. म्हणून मेसोपोटेमियासाठी पाणी वाहून नेणाऱ्या टाक्या बनत आहेत अशी वदंता पसरवली गेली, आणि वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश लष्करी अधिकारी स्विंटन व त्याच्या सहकाऱ्यांनी ‘टँक’ हे सांकेतिक नाव पक्के केले. येथवर कोणाचा वाद नाही. वाद आहे तो पाणी साठवण्याच्या अर्थाचा ‘टँक’ इंग्रजीत कुठून आला याचा. काही कोशकार बेधडक लिहितात की तो पोर्तुगीज ‘तांक’वरून आला, आणि तो पुन्हा पाणी अडवण्याच्या अर्थाच्या लॅटिन धातूवरून. पोर्तुगीजांनी हा शब्द पसरवला हे मला मान्य आहे, पण गुजराती ‘टांकुं’ आणि मराठी ‘टाके’ यांचा नामोल्लेखही न करता व्युत्पत्ती पूर्ण झाली असे मानणे हा निव्वळ आळस आहे. 1886 मध्ये यूल आणि बर्नेल यांनी आपल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात या शब्दाला दुहेरी उगम दिला, एक भारतीय आणि एक युरोपीय. नंतरच्यांना एवढे औदार्यही जड जावे, याचे नवल वाटते.

माझे म्हणणे त्याही पुढचे आहे. ‘टाके’ हे संस्कृत ‘तडाग’चे रूप आहे असे सांगणारे आपल्याकडेही आहेत, पण ‘तडाग’चे वंशज ‘तलाव’मध्ये स्पष्ट दिसतात, आणि तलाव व टाके या एकच वस्तू नव्हेत. तलाव अडवतात, टाके खोदतात. शिवनेरीवरील गंगा-जमुना टाकी पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण ती कातळ फोडून काढलेली आहेत. कातळ फोडायचे पाथरवटाचे हत्यार म्हणजेही टाकी, अर्थात छिन्नी, संस्कृतात टंक. जिचे घाव सोसल्याशिवाय दगडाला देवपण येत नाही, ती हीच. टंकाने खोदले ते टाके, अशी ही साखळी मला दिसते, आणि तिच्यापुढे लॅटिन धातू फिका वाटतो. मान्य करायचे असेल तर यातून असेही निघते की 1916 साली फ्रान्समधल्या सोमच्या रणभूमीवरील चिखलात प्रथम उतरलेल्या त्या लोखंडी धुडाच्या नावात सह्याद्रीतल्या छिन्नीचा आवाज आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी खडकात न खोदलेले एखादे जुने टाके दाखवावे; पोर्तुगीज कोशाचे पान दाखवून भागणार नाही.

राहता राहिले टँकेट. 1925 मध्ये मेजर मार्टेलने आपल्या गॅरेजात एका माणसापुरता चिमुकला रणगाडा उभा केला, आणि जवळपास त्याच सुमारास जॉन कार्डन व व्हिव्हियन लॉइड या जोडीनेही तोच विचार पुढे नेला. त्यांच्या 1928 च्या मार्क 6 चे वजन दीड टनाच्या आसपास होते, वर छप्पर नव्हते, आत दोनच माणसे बसत. (हा कार्डन-लॉइडचा मार्क 6, वर आलेला हलका मार्क 6 नव्हे, भाषांतर करताना दोन्ही क्रमांकमालिका हमखास एकमेकींत मिसळतात.) व्हिकर्स या ब्रिटिश शस्त्रनिर्मात्या कंपनीने त्यांची कंपनी विकत घेतली, पोलंड, इटली आणि सोव्हिएत रशियाने याच वाणावरून आपापली यंत्रे बनवली, आणि कार्डन-लॉइडच्याच मार्क 7 मधून हलका मार्क 1 निघाला. म्हणजे टँकेट हा हलक्या रणगाड्याचा पूर्वज आहे, समानार्थी शब्द नव्हे. दोन्हींना ‘छोटा रणगाडा’ म्हटले तर विकासाची ही पायरीच भाषांतरातून नाहीशी होते. फ्रेंच वळणाचा ‘एट’ प्रत्यय जे काम करतो, ते मराठीत ईकार करतो: गाडा मोठा, गाडी लहान. म्हणून ‘लाइट टँक’ला हलका रणगाडा आणि ‘टँकेट’ला ‘रणगाडी’ म्हणावे.