पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ईमेल लोअरकेस (सगळी अक्षरं स्मॉल) करूनच साठवावा का?

हो, ईमेल लोअरकेस करूनच साठवा. एकाच माणसाची दोन खाती तयार होतात असं तुम्ही लिहिलंय, त्याचं कारण हेच आहे: पोस्टग्रेस कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी मानतं. मायएसक्यूएल ८ हा दुसरा डेटाबेस डिफॉल्ट सेटिंगला हा फरक करत नाही, म्हणून तिकडून आलेल्यांना हा घोळ हमखास भेटतो.

पण फक्त कोडमध्ये लोअरकेस करून भागत नाही. उद्या कुणीतरी सीएसव्ही फाइल थेट टेबलात ओतेल. त्यामुळे लोअर(ईमेल), म्हणजे लोअरकेस केलेला ईमेल, या एक्स्प्रेशनवर युनिक इंडेक्स (एकच मूल्य दोनदा येऊ न देणारा इंडेक्स) लावाच. आधी त्याच एक्स्प्रेशनवर ग्रुप बाय करून (सारख्या नोंदी एकत्र करून) जुने डुप्लिकेट शोधा आणि निस्तरा, नाहीतर इंडेक्स बनणारच नाही. शोधतानाही क्वेरीत लोअर(ईमेल) असंच लिहा. नुसता ईमेल कॉलम लिहिलात तर हा इंडेक्स वापरला जात नाही आणि मोठ्या टेबलावर ते लगेच जाणवतं.

माणसांच्या नावांना मात्र कृपया हात लावू नका. इनिटकॅप (प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल आणि बाकीची स्मॉल करणारं फंक्शन) चालवलंत की मॅकडोनाल्डमधला कॅपिटल डी स्मॉल होतो, आणि मूळ स्पेलिंग परत मिळवायचा काही मार्ग उरत नाही. नाव जसं दिलं तसंच ठेवा, तुलना करताना तेवढं लोअर वापरा.