‘म्हैरी’ नव्हे, ‘व्हारी’: हाकेतून जन्मलेले नाव

ग्लासगोत राहणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे की, त्यांच्या मुलीच्या वर्गातील एका मैत्रिणीचे नाव रोमन लिपीत एम, एच, ए, आय, आर, आय असे लिहितात, ते मराठीत ‘म्हैरी’ लिहावे की ‘म्हारी’, आणि या नावाचा अर्थ काय.

दोन्ही रूपे चुकीची आहेत, पण चूक अगदी स्वाभाविक आहे. रोमन लिपीत एमपुढे एच दिसला की आपल्या डोळ्यांपुढे म्हात्रे, म्हसवड आणि म्हापसा उभे राहतात, कारण महाप्राण ‘म्ह’ हा मराठीचा घरचा ध्वनी आहे. हे नाव मात्र स्कॉटिश गेलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतले आहे, आणि तिच्यात एच हे अक्षर आधीच्या व्यंजनाला महाप्राण करत नाही. ते व्यंजन मऊ झाले आहे, अशी ती खूण असते. ओठ पूर्ण मिटून होणारा ‘म’ असा सैल पडला की त्याचा ‘व्ह’ होतो. म्हणून या नावाचा रूढ उच्चार ‘व्हारी’ असा आहे. मराठी कानाला त्यात पंढरीची वारी ऐकू येईल, पण तो निव्वळ योगायोग समजावा.

आता हा ‘म’ मऊ का झाला, हा या नावातील खरा रंजक भाग आहे. मूळ गेलिक नाव ‘मारी’ असे आहे, म्हणजे इंग्रजीतील मेरी आणि मराठी बायबलमधील मरीया. गेलिकमध्ये कोणालाही हाक मारताना नावाआधी ‘अ’ असा एक लहानसा शब्द येतो आणि तो पुढच्या व्यंजनाला मऊ करतो. त्यामुळे मारी घरात असते तेव्हा ‘मारी’च असते, पण तिला अंगणातून बोलावले की ‘अ व्हारी!’ होते. थोडक्यात, ‘व्हारी’ हे संबोधनाचे रूप आहे. घरात मुलीचे नाव सर्वांत जास्त वेळा हाकेतच ऐकू येते, आणि ज्यांना गेलिक व्याकरण ठाऊक नव्हते त्यांनी हे ऐकलेले रूपच मूळ नाव मानून कागदावर उतरवले.

आपल्याकडे याला समांतर उदाहरण सहज सापडते. आपण ‘शांता आली’ म्हणतो, पण हाक ‘अगं शांते’ अशी मारतो. सुमाची सुमे होते आणि रमाची रमे. समजा, एखाद्या परक्या कारकुनाने ही हाक ऐकून जन्मनोंदीत ‘शांते’ असे लिहिले, आणि पुढच्या पिढीने ते हौसेने मुलींना ठेवले, तर जे घडेल तेच व्हारीच्या बाबतीत घडले आहे. त्यामुळे ‘अमुक व्हारी शाळेत गेली’ हे गेलिक जाणणाऱ्याला थोडे खटकते. त्याच्या लेखी कर्त्याच्या जागी ‘मारी’ हवी. मला स्वतःला हा आक्षेप व्याकरणदृष्ट्या बिनतोड वाटतो, पण रूढ झालेल्या नावाला व्याकरणाच्या नियमात बसवण्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

हे एकटेच असे नाव नाही. पुरुषांचे ‘हेमिश’ हे नाव याच वाटेने आले. जेम्सचे गेलिक रूप ‘शेमस’. हाकेत त्याचा आरंभीचा ध्वनी मऊ होऊन ‘ह’ झाला आणि पुरुषनाम असल्यामुळे शेवटच्या ‘स’चाही ‘श’ झाला. हेमिश जगभर पोहोचले, व्हारी मात्र बहुतांशी स्कॉटलंडपुरती राहिली.

अर्थाबद्दल फार लांबण लावण्याचे कारण नाही. मारीचे मूळ हिब्रू मिर्यम या नावात आहे आणि ग्रीक व लॅटिन भाषांतून ते युरोपभर पसरले. मिर्यमचा अर्थ ‘कडू’, ‘बंडखोर’, ‘हवीशी’ असा निरनिराळा लावला जातो आणि त्यावर अभ्यासकांचे एकमत नाही. गेलिकपुरती एक नाजूक बाब सांगण्यासारखी आहे: येशूच्या आईसाठी ही भाषा ‘मोरे’ हे वेगळे रूप राखून ठेवते आणि मुलींना ‘मारी’ ठेवते. स्कॉटलंडमधील मल बेटावरील टोबरमोरी या गावाच्या नावात तीच ‘मोरे’ आहे, कारण त्याचा अर्थ ‘मरीयेची विहीर’. गंमत अशी की गेलिकमध्ये इथेही ‘म’चा ‘व्ह’ झालेला आहे, पण इंग्रजीने गावाच्या नावात ‘म’ ठेवला आणि मुलीच्या नावात मात्र ‘व्ह’ स्वीकारला.

स्काय बेटावरील कवयित्री मारी व्होर (१८२१–१८९८) यांच्या नावात हाच नियम दुसऱ्या बाजूने दिसतो. ‘मोर’ म्हणजे मोठी. स्त्रीलिंगी नामामागून आल्यामुळे विशेषणाचे ‘व्होर’ झाले, पण हाक मारलेली नसल्यामुळे ‘मारी’ जशीच्या तशी राहिली.

लोकप्रियतेबद्दल सांगायचे तर मेरी हे नाव स्कॉटलंडमध्ये दीर्घकाळ अतिशय प्रचलित होते. १८५५ पासून सुरू झालेल्या सरकारी जन्मनोंदणीचा व्यवहार इंग्रजीत चाले, त्यामुळे घरची मारी कागदोपत्री बहुधा मेरीच असे. व्हारी हे नाव त्या मानाने विरळच. २०२२ च्या जनगणनेनुसार गेलिक थोडीफार तरी जाणणारे लोक सुमारे १ लाख ३० हजार, म्हणजे अडीच टक्के आहेत; हे पाहता हे नाव ठेवणाऱ्या अनेक घरांत ती भाषा बोलली जात नसणार, हे उघड आहे. उच्चारही त्यामुळे दोलायमान झाला आहे. २०१५ साली विसाव्या वर्षी ब्रिटिश संसदेत निवडून आलेल्या माजी खासदार ब्लॅक यांचे नाव याच स्पेलिंगने लिहितात, पण त्याचा उच्चार ‘मारी’ असा करतात.

तेव्हा मैत्रीण स्वतः काय म्हणते हे आधी विचारावे, आणि उत्तर ‘व्हारी’ आले तर मराठीत तसेच लिहून व्हारीला, व्हारीची असे बेलाशक चालवावे. फक्त ‘अगं व्हारी’ म्हणताना आपण हाकेलाच पुन्हा हाक मारत आहोत, एवढे ध्यानात असू द्यावे.