इंग्लंडमध्ये सशांसाठी लर्चरचं पिल्लू घेतोय. पहिल्या वर्षात त्याला काय शिकवू?

तुम्ही श्रॉपशायरमध्ये राहता. शेजारचे मेंढपाळ जूनमध्ये तुम्हाला लर्चरचं, म्हणजे शिकारी संकर कुत्र्याचं, आठ आठवड्यांचं पिल्लू देणार आहेत. त्याची आई बेडलिंग्टन टेरियर आणि वेगवान व्हिपेट यांचा संकर, आणि बाप मेंढ्या वळणारी कोली आणि वेगवान ग्रेहाउंड यांचा. पुढे त्यांच्या कुरणातले ससे कमी करायला ते उपयोगी पडावं अशी त्यांची अपेक्षा आहे, आणि तुम्ही याआधी कुत्रा पाळलेला नाही. एवढं धरून उत्तर देतो.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. पळणं आणि धरणं या पिल्लाच्या रक्तात आहे, त्यावर एक मिनिटही घालवू नका. शिकवायचं ते परत येणं, धरलेलं आणून हातात देणं आणि मेंढीकडे ढुंकूनही न बघणं. पहिला ससा दिसण्याआधी हे तिन्ही अंगात मुरलेलं हवं. एकदा सशामागे सुटायची चटक लागली की तुमच्या हातातल्या बिस्किटाला काडीची किंमत उरत नाही.

लर्चर ही जात नव्हे. आपला कारवान कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या त्याच रक्ताचा राखलेला, तर लर्चर मुद्दाम जुळवलेला संकर: एका बाजूला नजरेने शिकार करणारा वेगवान कुत्रा, दुसऱ्या बाजूला डोक्याने काम करणारा. तुमच्या पिल्लात चौघांचा पाव-पाव हिस्सा आहे. कोलीमुळे ते एकदा पाहिलेलं विसरणार नाही, म्हणजे तुमची चूकही विसरणार नाही. शिवाय ते मनाला लावून घेणारं असेल, आरडाओरडा केलात तर आठवडाभर बिचकून राहील. बेडलिंग्टनकडून नाक आणि थोडा हट्ट येईल. उंची साधारण २० ते २३ इंच भरली तर लहान शेतांमध्ये झटकन वळायला अगदी योग्य.

आता कायदा, कारण इथे आपली भाषाच आपल्याला फसवते. मराठीत रॅबिट आणि हेअर दोघांनाही आपण ससाच म्हणतो. इंग्लंडमध्ये त्या दोन शब्दांच्या मधोमध गुन्ह्याची रेघ आहे. या उत्तरात इंग्लंडमधला ससा म्हणजे रॅबिटच. २००४ च्या हंटिंग अॅक्टनुसार जमीनमालकाच्या परवानगीने कुत्र्याने रॅबिट आणि उंदीर-घुशी धरलेल्या चालतात. हेअरमागे कुत्रा सोडणं गुन्हा आहे, आणि २०२२ च्या कायद्याने हेअरसाठी परक्याच्या शेतात कुत्रे घेऊन शिरणाऱ्यांच्या शिक्षा आणखी कडक केल्या. रॅबिट बिळात राहतो आणि धोका दिसला की बिळाकडे धावतो. हेअर बीळ करत नाही, उघड्या रानात दबून बसतो, त्याच्या लांब कानांची टोकं काळी असतात आणि तो सरळ मोकळ्या माळावर दूर पळतो. ज्या शेतात हेअर आहेत तिथे कुत्रा पट्ट्यावरच ठेवा. शेजाऱ्यांकडून परवानगी लेखी घ्या आणि तो कागद खिशात ठेवा. रात्री लर्चर आणि बॅटरी घेऊन चालणाऱ्या माणसाला पोलीस हटकतात, तेव्हा तो कागद बोलतो. जाता जाता, महाराष्ट्रातला रानससा हेअरच आहे आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे इथलं शिकून गावाकडे कारवान घेऊन कुणी प्रयोग करू नये.

पिल्लू घरी आलं की मायक्रोचिप आहे ना ते बघा आणि नोंद तुमच्या नावावर करून घ्या. तीन महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून चार वेळा खायला, सहा महिन्यांपर्यंत तीनदा, पुढे दोनदा. हात फिरवल्यावर फासळ्या बोटांना लागल्या पाहिजेत. गुबगुबीत लर्चर दिसायला गोड, पण वाढत्या लांब हाडांवर ते वजन वाईट. पहिलं वर्षभर उड्या, जिने, घसरड्या फरशीवरची पळापळ आणि लांबवर फेकलेल्या चेंडूमागे पळवणं टाळा. स्वतःच्या मर्जीने बागडू द्या, दमेपर्यंत पळवू नका. लसीचा कोर्स पूर्ण होईपर्यंत जमिनीवर सोडता येत नसलं तरी कडेवर घेऊन बाजार, ट्रॅक्टर, कोंबड्या, शाळेचा दरवाजा सगळं दाखवा.

शिटी पहिल्याच दिवशी सुरू करा. दोन आखूड फुंका, आणि त्याच क्षणी खाण्याचं ताट खाली. दिवसाला चार वेळा म्हणजे आठवड्यात अठ्ठावीसदा तो आवाज आणि पोट यांची गाठ पडते. मग दुसऱ्या खोलीतून, मग अंगणातून. बाहेर गेल्यावर दहा मीटरची दोरी बांधा, पण छातीच्या पट्ट्याला, गळ्याला नाही, कारण हा कुत्रा दोन ढेंगांत वेग पकडतो आणि झटका मानेला बसतो. फिरायला नेल्यावर दहादा बोलवा आणि नऊदा लगेच पुन्हा मोकळं सोडा. फक्त घरी जाताना बोलावलंत तर शिटी म्हणजे मजा संपली, एवढंच ते शिकेल. आणि कितीही उशिरा आलं तरी आल्यावर रागवायचं नाही.

आज्ञा मराठीत द्यायला काहीच हरकत नाही, उलट बरंच, कारण वाटेत भेटणारे लोक नकळत तुमच्या कुत्र्याला आज्ञा देत नाहीत. फक्त शब्द कानाला वेगळे लागले पाहिजेत. ‘ये’ आणि ‘दे’ जवळपास सारखे ऐकू येतात, वाऱ्यात तर एकच. ‘ये’ साठी शिटी राखा, देण्यासाठी ‘सोड’, उभं राहण्यासाठी ‘थांब’. घरातल्या सगळ्यांनी तेच शब्द वापरायचे.

आणून देणं हा खरा कस आहे, आणि तो अरुंद पॅसेजमध्ये शिकवतात. सगळी दारं बंद करा आणि पिल्लाच्या झोपण्याच्या जागेच्या वाटेवर जमिनीवर बसा. गुंडाळलेला मोजा दीड-दोन मीटरवर टाका. ते उचलून आपल्या बिछान्याकडेच निघतं, आणि वाटेत तुम्ही असता. लगेच हात घालून ओढू नका. मोजा तोंडातच राहू द्या, छातीखाली आणि हनुवटीखाली हळू खाजवा, अर्धा मिनिट कौतुक करा. मान वर करून, मोजा धरून, शेपटी हलवत ते उभं राहिलं की जिंकलात. मग तळहात जबड्याखाली धरून ‘सोड’. तीन-चार फेऱ्या, बस. पाचवीला कंटाळलं तर पुढचा आठवडा वाया जातो. मोजा घेऊन पळालं तर मागे लागू नका, उठून पाठ फिरवा आणि उलट दिशेला चालू लागा. पुढे त्याच मोज्याला सशाचं सुकवलेलं कातडं शिवा. साधारण चार ते सहा महिन्यांत दात पडतात, हिरड्या दुखतात, तेव्हा हा खेळ पूर्ण थांबवा. आणि रस्सीखेच कुणीही, मुलांनीसुद्धा, खेळायची नाही. त्याने धरलेलं जोरात दाबायची सवय लागू शकते, आणि तसा कुत्रा आणलेला ससा चेंगरून टाकतो, मांस खाण्यालायक राहत नाही.

मेंढ्यांच्या बाबतीत तुमचं नशीब चांगलं, शेजारीच कळप आहे. लसी झाल्या की रोज दहा मिनिटं पट्टा धरून कळपाशेजारी बसा. मेंढी ही बघण्यासारखी गोष्टच नाही इतका कंटाळा त्याला आला पाहिजे. नजर खिळली, अंग ताठलं, की त्याच क्षणी एक करडा शब्द आणि त्याचं तोंड दुसरीकडे वळवा, नजर सुटली की शाबासकी. पिल्लाला चिडक्या मेंढ्याबरोबर खुराड्यात कोंडण्याचा जुना उपाय कुणी सुचवेल. तो अजिबात करू नका. कोलीच्या रक्ताचं पिल्लू त्याने कायमचं घाबरट होतं, नाहीतर फासळ्या मोडून घेतं. इथे ढिलाई परवडत नाही: मेंढ्यांमागे लागलेल्या कुत्र्याला शेतकऱ्याने, दुसरा उपाय नसताना, गोळी घातली तर १९७१ च्या कायद्यात त्याला बचाव आहे.

शेजाऱ्यांकडे फेरेट असतील तर ओळख लहानपणीच, पण जाळीआडून. फेरेट म्हणजे मुंगसासारखा लांबोडका पाळीव प्राणी. त्याला बिळात सोडतात, ससे बाहेर पळतात, आणि ते जाळ्यात किंवा कुत्र्याच्या तोंडी सापडतात. पिल्लाला फेरेट चावता कामा नये, चावला तर ते एक तर घाबरेल किंवा पुढे त्यालाच मारेल. मोठं झाल्यावर लर्चर भरलेलं बीळ दाखवतो: तोंडाशी थबकतो, कान पुढे, मान किंचित तिरकी, कधी पुढचा एक पाय उचललेला. रिकाम्या बिळावरून तसाच पुढे जातो. अशा वेळी ‘तरी बघूया’ म्हणून त्या रिकाम्या बिळात फेरेट सोडणं ही नवख्यांची सर्वांत महाग चूक. दोन-तीनदा असं केलंत की आपल्या सांगण्याला अर्थ नाही हे कुत्र्याला कळतं आणि तो दाखवणंच सोडतो.

रात्री बॅटरीवरचं काम, म्हणजे बॅटरीच्या झोतात ससे धरणं, त्यानंतर. अंधारी, वाऱ्याची रात्र हवी, चांदणं नको, आणि वारा तुमच्या तोंडावर. सव्वा-दीड मीटरची दोरी गळपट्ट्याच्या कडीतून ओवून दोन्ही टोकं मुठीत धरा, एक सोडलं की कुत्रा सुटतो. कुंपणापासून लांब, दबून बसलेला ससा निवडा. झोत सशावर ठेवा, धावणाऱ्या कुत्र्याच्या डोळ्यांत नाही, आणि परत येताना तुमच्या पायांशी. पहिल्या रात्री दोन धावा, फार तर तीन, मग घरी. सुरुवातीला हुकलेल्या धावांचा मारा झाला तर कुत्रा वैतागून पळताना भुंकायला लागतो, आणि ही खोड सहसा जात नाही. भुंकणाऱ्या कुत्र्यापुढे अख्खं शेत आधीच रिकामं होतं.

काटेरी तार अनेक लर्चर जायबंदी करते. उडी एक वर्षानंतरच शिकवा, आधी गुडघाभर फळीवरून, एका ठरलेल्या शब्दावर. तारेवर पोतं टाकून मगच त्याला पलीकडे घ्या. दिवसा शेत चालून तारा, नांगराची पाती, खड्डे बघून ठेवल्याशिवाय रात्री तिथे सोडू नका. कातडी पातळ असल्याने ओरखडाही फाटतो, म्हणून पिशवीत सलाइन, गॉज आणि चिकटपट्टी हवी. भूल द्यायची वेळ आली तर व्हेटला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरला, आधीच सांगा की हा ग्रेहाउंडच्या रक्ताचा आहे, कारण अशा कुत्र्यांना काही भुलीची औषधं उतरायला फार वेळ लागतो. सशाची आतडी कच्ची खाऊ घालू नका. पोटात लिव्हरजवळ पाण्याच्या बारीक फुग्यांसारखं दिसलं तर ती टेपवर्मची अळी असते आणि कुत्र्याच्या पोटात जाऊन पूर्ण जंत होते. टेपवर्मवर चालणारं जंताचं औषध व्हेटला विचारून वेळच्या वेळी द्या.

आता हिशोब करा. पिल्लू एप्रिलचं. फेरेटचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च, जेव्हा झुडपं वाळलेली असतात आणि बिळात पिल्लं कमी. येत्या हिवाळ्यात तुमचा कुत्रा सहा ते अकरा महिन्यांचा असेल, उंचीने पूर्ण वाढल्यासारखा दिसेल, आणि शेजारी म्हणतील, आणा की आता. येत्या हंगामात त्याला फक्त पट्ट्यावर नेऊन बसवा, जाळी लावताना बघू द्या, मेलेला ससा हुंगून हातात आणून देऊ द्या. सोडायचा तो त्यापुढच्या ऑक्टोबरात, अठरा महिन्यांचा झाल्यावर.