दहशतवादी हल्ल्यानंतर घरच्यांना घेऊन ठरलेल्या सहलीला जावं का?

प्रश्न अमळनेरच्या एका ताईंचा, २५ एप्रिल २०२५ चा. घरचे नऊ जण, त्यांत ७१ वर्षांच्या सासूबाई आणि सहा वर्षांचा मुलगा. ९ मे ला भुसावळहून कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली, ११ मे ला दिल्लीहून विमानाने श्रीनगर. २२ एप्रिलला काश्मीरात पहलगामला पर्यटकांवर हल्ला झाल्याची बातमी आल्यापासून सासूबाई नको म्हणतात, नवरा म्हणतो घाबरायचं काय, आणि ताई विचारतात, जाऊ की नको?

ताई, तारीख केव्हाच उलटून गेली, तरी लिहितो. कारण अशा प्रश्नाला लोक दोनच उत्तरं देतात. एक, ‘घाबरलात तर ते जिंकले’. दोन, ‘आजच्या आज कॅन्सल करून टाका’. तिकिटांच्या धंद्यात ही दोन वाक्यं ऐकून कान किटले आहेत. दोन्ही चूक, आणि दुसरं जास्त महाग पडतं.

जाऊ की नको हे २५ एप्रिलला ठरवायचंच नव्हतं. ते ठरवायचं होतं ७ मे च्या दुपारी.

रेल्वेचं बघा. त्या हंगामात नियम असा होता की थर्ड एसीचं कन्फर्म तिकीट गाडी सुटायच्या ४८ तासांपेक्षा आधी रद्द केलं तर माणशी १८० रुपये आणि त्यावर ५ टक्के जीएसटी कापायचे, म्हणजे १८९. नऊ जणांचे १,७०१. स्लीपरला १२०, सेकंड एसीला २००. ४८ तासांच्या आत आलात की भाड्याचे २५ टक्के, १२ तासांच्या आत ५० टक्के, आणि चार तास उरले की काहीच नाही. भाडं माणशी दीड हजार धरलं तर २५ टक्क्यांचे ३,३७५ होतात, ५० टक्क्यांचे ६,७५०. आता नीट बघा: २५ एप्रिलच्या रात्री रद्द करा नाहीतर ७ मे ला दुपारी, कापले जाणार तेच १,७०१. बारा दिवस थांबण्याचा एक पैसा लागत नव्हता. परतीच्या तिकिटाला तर आणखी आठवडाभर हातात होता. ते जातानाच्या तिकिटाबरोबर त्याच रात्री रद्द करणारे मला कधी कळलेच नाहीत. (तत्काळ कन्फर्म असेल तर तसेही पैसे नाहीत, मग घाई कशाची? आणि हे टप्पे बदलत असतात, बटण दाबायच्या आधी त्या दिवसाचा नियम बघून घ्यायचा.)

विमानाचा हिशोब उलटा. तिथे आपण आधी हात लावायचा नसतो. २२ एप्रिलनंतर इंडिगो, एअर इंडियाने श्रीनगरच्या तिकिटांवरचं रद्द करायचं आणि तारीख बदलायचं शुल्क माफ केलं, पण आधी ते ३० एप्रिलपर्यंतच्या प्रवासाला. तुमचं ११ मे चं तिकीट त्या पहिल्या माफीत बसत नव्हतं. माफी कोणत्या तारखेपर्यंतच्या प्रवासाला आणि कोणत्या तारखेपर्यंत काढलेल्या तिकिटाला, या दोन ओळी बातमीच्या मथळ्यात येत नाहीत. लोक मथळा वाचतात, तिकीट रद्द करतात आणि मग कापलेल्या पैशांवरून एजंटच्या दुकानात येऊन बसतात.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. ७ मे च्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं आणि उत्तरेकडचे, पश्चिमेकडचे विमानतळ बंद झाले, त्यांत श्रीनगर आलंच. बंदी आधी १० मे पर्यंत होती, मग ३२ विमानतळांसाठी १५ मे पर्यंत वाढली. १० ला शस्त्रसंधी झाली म्हणून १२ ला ते उघडले. म्हणजे तुमचं ११ मे चं विमान उडणारच नव्हतं. कंपनीने उड्डाण रद्द केलं की पूर्ण पैसे. तुम्ही आदल्या रात्री घाबरून स्वतः रद्द केलं की तुमच्या मर्जीने रद्द केलं असं धरतात, आणि दुसऱ्या दिवशी विमान रद्द झालं तरी कापलेले पैसे परत येत नाहीत. रेल्वेचंही तसंच. गाडी रेल्वेने रद्द केली तर ई-तिकिटाचे सगळे पैसे आपोआप येतात, तुम्ही आधी रद्द केलं तर वजावट गेली ती गेली.

म्हणून ७ मे ला सकाळी बातमी बघितल्यावर एकच करायचं होतं: ४८ तासांची वेळ टळायच्या आत रेल्वेची तिकिटं सोडायची, विमानाच्या तिकिटाला हात लावायचा नाही.

आणखी एक. ‘नॉन-रिफंडेबल’ तिकिटातलेसुद्धा सरकारी कर आणि यूडीएफसारखं विमानतळाचं शुल्क परत मागता येतं. मागा. न मागता द्यायची घाई कुणाला नसते. एजंटकडून तिकीट काढलं असेल तर पैसे आधी एजंटच्या खात्यात येतात. त्याने खाल्ले असं गावभर करण्याआधी कंपनीच्या साइटवर पीएनआर टाकून रिफंड कधी सुटला ते बघा. सुटून आठ दिवस झाले आणि तरी हातात नाही, मग खुशाल भांडा.

हॉटेल आणि हाउसबोटवाल्याशी बोलताना ‘रद्द’ हा शब्द काढू नका. ‘तारीख पुढे ढकला’ म्हणा. त्या महिन्यात त्यांच्याकडे परत द्यायला रोकड नसते, खोल्या मात्र रिकाम्या असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्यायचं: रक्कम किती, कुणाच्या नावावर, किती महिने चालेल, सीझनचा फरक भरावा लागेल का. ‘केव्हाही या, आपलंच घर आहे’ याला पुढच्या वर्षी काही किंमत राहत नाही.

प्रवास विम्याचंही सांगून टाकतो. ‘भीती वाटली म्हणून गेलो नाही’ हे कारण त्यात बसत नाही. दहशतवादाचं कलम असलंच तर घटना पॉलिसी घेतल्यानंतरची हवी, आणि युद्धाची परिस्थिती बहुतेक पॉलिसी आधीच वगळून टाकतात. हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी विमा काढणं म्हणजे बैल गेला नि झोपा केला. रेल्वेचा ४५ पैशांचा विमा मात्र तिकीट काढतानाच टिक करायचा. त्यात मृत्यूला १० लाखांपर्यंत आहेत आणि गाडीतला दहशतवादी हल्लाही धरलेला आहे. पण तिकीट निघाल्यावर जी लिंक येते तिच्यात वारसाचं नाव भरायचं असतं, आणि ते कुणी भरत नाही.

आता दाजींचं म्हणणं. ते बहुतेक अपघातांचे आकडे काढत असतील. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली. अमळनेरला तर आकडेही नकोत, त्याच वर्षी जुलैत इंदूरहून अमळनेरला येणारी एसटी खलघाटला पुलावरून नर्मदेत गेली. म्हणून इंदूरला जाणं कुणी सोडलं का? हिशोब बरोबर आहे, पण तो सासूबाईंपुढे मांडू नका. पहलगामजवळ बैसरनला २६ माणसं मारली, त्यांत सहा आपल्या महाराष्ट्रातली. बायकामुलांसमोर धर्म विचारून पुरुषांना गोळ्या घातल्या. अडवायला गेलेला तिथलाच एक घोडेवालाही गेला. एसटी नदीत पडताना कुणाचं नाव विचारत नाही. सासूबाईंची भीती त्या विचारण्याची आहे, त्यांना टक्केवारी सांगून काय होणार?

तरी एक मात्र दोघांनाही सांगायला हवं. हल्ल्यानंतरच्या पंधरा-वीस दिवसांत गोळी लागण्यापेक्षा अडकून पडण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. २० एप्रिलला, म्हणजे हल्ल्याच्या दोन दिवस आधी, रामबनला ढगफुटीसारख्या पावसाने दरड आणि चिखल येऊन जम्मू-श्रीनगर हायवे बंद पडला होता. त्यात हल्ला झाला. सगळे विमानाकडे धावले, जादा विमानं सोडावी लागली. ७ मे ला विमानंही बंद. वर २९ एप्रिलला तिथल्या सरकारने ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळं बंद केली, दूधपथरी, युसमर्ग सगळं. बेताब व्हॅली उघडली ती जूनमध्ये. म्हणजे मे महिन्यात कसेबसे पोचला असता तरी शिकाऱ्यात बसून हॉटेलवर यायचं, नऊ जणांच्या पैशात.

सोबत म्हातारं माणूस आणि लहान पोर असेल तर ठिकाण निवडायचा नियम हल्ला होवो न होवो, तोच: जिथे गाडी जात नाही तिथे नाही. बैसरन पहलगामपासून पाच-सहा किलोमीटर, पण चालत नाहीतर घोड्यावरच. तिथून जखमी माणूस खाली आणायचा तर सहसा घोडा नाहीतर कुणाची तरी पाठ. दुसरं, श्रीनगरहून आलेली गाडी पहलगामच्या पुढे आरू, चंदनवाडीला जात नाही, तिथे स्थानिक युनियनची गाडी करावी लागते. बॅगा खालच्या गाडीत आणि तुम्ही वरच्या गाडीत. बीपी-शुगरच्या गोळ्या बॅगेत ठेवल्या तर संपलंच. गोळ्यांची पिशवी अंगावर, आणि परतीच्या तारखेच्या पुढे पाच दिवस पुरतील इतक्या. इन्सुलिन असेल तर थर्मासही. बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, निदान दोघांकडे पोस्टपेड हवं, आणि ते दोघे वेगळ्या गाड्यांत. हे सांगूनही नऊ जणांत एकच पोस्टपेड घेऊन जाणारे असतात, आणि तेही नेमकं दाजींच्या खिशात!

घबराट म्हणजे काय हे जळगाव जिल्ह्याला दुसऱ्याने शिकवायला नको. २२ जानेवारी २०२५, पहलगामच्या बरोब्बर तीन महिने आधी. पाचोरा तालुक्यात परधाड्याजवळ पुष्पक एक्स्प्रेसच्या डब्यात आग लागल्याची अफवा उठली. साखळी ओढली, गाडी थांबली, लोक शेजारच्या रुळावर उतरले आणि त्या रुळावरून कर्नाटक एक्स्प्रेस आली, तुम्ही तिकीट काढलं होतं तीच. बारा-तेरा माणसं गेली. आग नव्हतीच. हल्ल्यानंतरच्या दिवसांत गाडीत बेवारस बॅग दिसली की कुणीतरी ओरडतंच. पोरांना निघायच्या आधी दाखवून ठेवा: उतरायचंच झालं तर ज्या बाजूला दुसरा रूळ नाही त्या बाजूने. दोन्हीकडे रूळ असतील तर उतरून तिथे उभं राहायचं नाही, खडी ओलांडून भरावाच्या खाली जायचं, मग मागे वळून बघायचं. फोन काढून शूटिंग तर नाहीच.

मुंबई, पुणे, दिल्लीचा विषय वेगळा. शहरात दवाखाना जवळ असतो आणि बाहेर पडायला दहा रस्ते. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटीच्या ज्या हॉलमध्ये गोळ्या चालल्या तो मेल गाड्यांचा हॉल, भुसावळकडे येणारी माणसं सामान घेऊन बसतात तोच. खान्देशाने मुंबई सोडली का? शहराला आठ दिवसांनी जा. सीमेजवळच्या डोंगरी भागाला तीन आठवडे थांबा. हा तीन आठवड्यांचा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही, २०२५ मध्ये २२ एप्रिलपासून १२ मे पर्यंत मोजून काढलेला आहे. पुढच्या वेळी तो पुरेलच असं नाही.

आणि ते ‘घाबरलात तर ते जिंकले’वाले. सहल ही सहल असते भो. देश दाखवायचा तर पंधरा ऑगस्टला दाखवा, सासूबाईंच्या गुडघ्यांवर कशाला? काश्मीरच्या माणसाला मदत करायची असेल तर हाउसबोटचा अ‍ॅडव्हान्स परत मागू नका, तारीख पुढची घ्या. फेसबुकवर झेंडा लावण्यापेक्षा ते त्याच्या जास्त कामाचं. घरात ज्याला मनापासून नको आहे त्याला मतदान घेऊन नेऊ नये. असं माणूस आठ दिवस झोपत नाही आणि बाकीच्या आठांनाही झोपू देत नाही. पण त्याने नाही म्हटलं म्हणून सगळ्यांनी घरी बसावं असंही नाही.

गरोदर बाई, डायलिसिसचा पेशंट, नुकतं ऑपरेशन झालेलं कुणी असेल तर वरचं सगळं विसरा. पैसे कापले जाऊ द्या, त्याच दिवशी रद्द करा.

काही जण जाणार आणि काही नाही असं ठरलं तर सगळी तिकिटं मोडायची गरज नाही. एका पीएनआरवर सहाच नावं बसतात, म्हणजे नऊ जणांचे तुमचे दोन पीएनआर असणार, आणि ई-तिकिटातलं एकेक नावही वेगळं रद्द होतं. सासूबाईंच्या कन्फर्म तिकिटावर दुसरं कुणी पाठवायचं असेल तर गाडी सुटायच्या २४ तास आधी आरक्षण कार्यालयात अर्ज द्यावा लागतो, सोबत तिकिटाची प्रिंट, दोघांची ओळखपत्रं आणि नात्याचा पुरावा. रेशनकार्ड चालतं. एका तिकिटावर हे एकदाच करता येतं. आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, नवरा-बायको इतकीच नाती त्यात बसतात. त्यामुळे सासूबाईंच्या जागी नणंदबाई जाऊ शकतात. जाऊबाईंची बहीण नाही, कितीही जीव लावत असली तरी, आणि सूनही नाही. काउंटरवर त्यावरून वाद घालू नका, मागे रांग असते.